माजी सैनिकांची अंत्यविधीची जागा: बांधकाम उत्तम, देखभाल वर्गणीवर

वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले, महूची छावणी सोडून इंदूरला स्थायिक झाले आणि गेल्या पौषात गेले. आमच्या भागातील मुक्तिधामात माजी सैनिकांसाठी राखलेल्या जागेत त्यांचा अंत्यविधी झाला. अशा जागेबद्दल सहसा कोणी अभिप्राय लिहीत नाही, कारण तिथे जाणारा माणूस फरशी न्याहाळण्याच्या मनःस्थितीत नसतो; मला मात्र अस्थिसंचय, दहावा आणि पुढे नामफलकाच्या कामासाठी पाच-सहा वेळा जावे लागले.

बांधकामाला नावे ठेवायला जागा नाही. शेड पुरेशी उंच असल्याने धूर कोंडत नाही, कोटा फरशीला उतार नीट दिल्याने पाणी साचत नाही, आणि अस्थिकलशासाठी कुलूपबंद कप्पे असल्यामुळे नर्मदेवर खेडीघाटाला जायला आम्हाला चार दिवस उशीर झाला तरी घोर लागला नाही. लाकूड-गोवऱ्यांचे पैसे पावतीवर घेतले, वर काही मागितले नाही.

तक्रार आहे ती त्यानंतरची. पावसाळा संपल्यावर गेलो तेव्हा हातपाय धुण्याचा नळ कोरडा होता, भिंतीलगतची तगर वाळली होती, आणि वडिलांच्या रंगवलेल्या फलकावर ‘सुभेदार’मधला उकार उडून ‘सभेदार’ झाले होते. (वडील असते तर हसले असते, आई हसली नाही.) कार्यालयातले उत्तर निदान सरळ होते: शेड आणि फरशी खासदार निधीतून झाली, फलकांची भिंत निवृत्त मंडळींच्या वर्गणीतून, आणि देखभालीच्या खात्यात काही नाही.

नियमही तसाच आहे. खासदाराला वर्षाला 5 कोटी रुपयांची कामे सुचवता येतात आणि स्मशानातली शेड त्यात बसते. परंतु माळ्याचा पगार किंवा नळाची दुरुस्ती असा दरवर्षीचा खर्च त्यातून करता येत नाही, तो काम ताब्यात घेणाऱ्या संस्थेने उचलायचा असतो. अमेरिकेत 1978 पासून चालू असलेल्या योजनेत राज्यांच्या माजी सैनिक दफनभूमींच्या बांधकामाचा अगदी शंभर टक्क्यांपर्यंत खर्च केंद्र देते, जमीन आणि रोजचा कारभार राज्याकडे राहतो. मात्र तिथे पात्र सैनिकाच्या दफनामागे राज्याला ठरावीक भत्ता मिळतो आणि राष्ट्रीय दफनभूमींइतकी निगा राखणे बंधनकारक असते. आपल्याकडे हा दुसरा अर्धा भागच गळलेला आहे.

तो भाग असला की काय होते, हे पुण्याला खडकीच्या युद्ध दफनभूमीत दिसते. 1917 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रकुल युद्ध-कबर आयोगाला सहा देशांची सरकारे आपापल्या कबरींच्या प्रमाणात पैसे देतात, त्यांत भारतही आहे. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या ज्या कबरींच्या कायमच्या देखभालीची खात्री देता येत नव्हती, त्या दुसऱ्या महायुद्धातील कबरी एकत्र आणण्यासाठीच ती दफनभूमी केली गेली. म्हणजे मेलेल्या माणसाला हलवणे परवडले, पण बेभरवशाच्या जागी ठेवणे त्यांना पटले नाही. आपल्यात दहन होते, राख नर्मदेत जाते, मागे उरतो तो एक फलक. त्याला लागतो तरी किती खर्च?

पाचपैकी साडेतीन गुण देतो, आणि कापलेला दीड गुण तिथल्या कर्मचाऱ्यांवर नाही. ज्यांना ही जागा घ्यायची असेल त्यांनी फलक रंगवून न घेता पितळी पत्र्यावर कोरून घ्यावा. आम्ही दुसऱ्यांदा तसाच केला. दहाव्याला जाताना पाण्याचे दोन कॅन बरोबर न्यावेत. वर्गणीची वही एक निवृत्त हवालदार काका सांभाळतात, रविवारी सकाळी ते तिथेच झाडू मारताना भेटतात.