टॅबलेटवरील विमानचालन नकाशे: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

खासगी वैमानिक परवान्यासाठीचे प्रशिक्षण सुरू झाल्यापासून, म्हणजे गेले नऊ महिने, मी आठ इंची टॅबलेटवर चार्टचे एक सशुल्क अॅप वापरत आहे. राहणे नाशिकला आणि उड्डाणे उत्तर महाराष्ट्रातील एका प्रशिक्षण संस्थेत असल्यामुळे उड्डाणाची बरीचशी तयारी आदल्या रात्री घरच्या टेबलावरच होते. अॅपचे वार्षिक शुल्क द्यावे का, असे नवे प्रशिक्षणार्थी विचारतात. शुल्क देण्याजोगे आहे; मात्र अॅप आले म्हणून छापील नकाशा कपाटात ठेवून देऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

जी माहिती सतत बदलते, ती सांभाळण्यात या अॅपचा हात कोणी धरणार नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरण देशाची एआयपी, म्हणजे विमानचालनविषयक अधिकृत माहितीचे प्रकाशन, संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून देते. तिचे सर्वसाधारण, मार्गविषयक आणि विमानतळविषयक असे तीन भाग असतात, आणि आधी जाहीर केलेले महत्त्वाचे बदल दर २८ दिवसांच्या एअरॅक चक्रानुसार, ठरलेल्या गुरुवारीच लागू होतात. उदाहरणार्थ, २७ नोव्हेंबर २०२५ नंतरचा पुढचा दिवस २५ डिसेंबर हा होता. सुरुवातीला मी विमानतळांचे चार्ट स्वतः उतरवून, छापून, जुनी पाने बाजूला काढत असे, आणि एखादे जुने पान फाइलमध्ये राहून तर गेले नाही ना, ही धास्ती कायम असे. अॅप हे काम आपोआप करते आणि चार्टची मुदत संपली की वरच्या कोपऱ्यातील तारीख लाल होते. एवढ्या एका सोयीसाठीही मी पैसे दिले असते.

नोटॅमच्या, म्हणजे धावपट्टी बंद असण्यासारख्या तात्पुरत्या बदलांच्या अधिकृत सूचनांच्या, बाबतीत मात्र अॅपवर विसंबून मी एकदा चुकीचे नियोजन केले होते. सकाळी आठचे उड्डाण ठरले होते आणि गंतव्य विमानतळाच्या नोटॅममध्ये धावपट्टी ००३० ते ०४३० या वेळेत बंद असल्याचे लिहिलेले होते. मध्यरात्रीनंतरची वेळ आहे असे समजून मी पुढचे पान उघडले. सकाळी ब्रीफिंगच्या वेळी सरांनी त्या आकड्यांवर बोट ठेवून शांतपणे विचारले, “ही वेळ कोणती?” नोटॅममधील वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे; म्हणजे धावपट्टी सकाळी सहा ते दहा बंद राहणार होती आणि आम्ही नेमके त्या वेळेत तिच्यावर पोहोचलो असतो. अॅपमध्ये स्थानिक वेळ दाखवण्याची सोय आहे, पण ती केवळ सूर्योदय-सूर्यास्ताच्या तक्त्याला लागू होते. नोटॅमचा मजकूर जसाच्या तसा येतो. तेव्हापासून मी प्रत्येक नोटॅमची वेळ नीबोर्डवरील, म्हणजे मांडीवर बांधायच्या पाटीवरील, कागदावर स्थानिक वेळेत हाताने लिहून काढते.

आता उंचीविषयी, कारण माझी सर्वात मोठी तक्रार तिथेच आहे. अॅपमधील नकाशा झूमप्रमाणे स्वतःला बदलतो: जवळून पाहिले की शिखरांच्या उंचीचे आकडे दिसतात आणि लांबून पाहिले की गर्दी नको म्हणून त्यांतील बरेचसे आकडे गळतात. एका रात्री नाशिकच्या दक्षिणेकडील भाग पाहताना मी झूम कमी केला आणि कळसूबाईचा आकडा पडद्यावरून नाहीसा झाला. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर! छापलेल्या दहालक्षांशी नकाशावर, जिथे एका सेंटिमीटरमध्ये दहा किलोमीटर मावतात, ते नाशिक शहरापासून अवघ्या साडेचार सेंटिमीटरवर आहे आणि तो कागद कितीही लांब धरला तरी तिथून आकडा पुसला जात नाही.

यात आणखी एक मेख आहे. विमानतळावर उपकरणांच्या आधारे उतरण्यासाठीच्या चार्टवर २५ नॉटिकल मैल त्रिज्येच्या वर्तुळात किमान सुरक्षित उंची छापलेली असते, आणि ती त्या भागातील सर्वात उंच अडथळ्यावर किमान १००० फुटांचे अंतर राखते. नाशिकजवळचा ओझर विमानतळ केंद्र धरून असे वर्तुळ मनात आखले, तर कळसूबाई सुमारे ३३ नॉटिकल मैलांवर, म्हणजे वर्तुळाच्या बाहेर पडते. वर्तुळातील आकडा पाठ करून इगतपुरीच्या दिशेने धुरकट हवेत निघणाऱ्याला तो आकडा तिथे उपयोगाचा नाही. हे मला कागदावर कंपास ठेवल्यावर उमगले. पडद्यावर बोटाने नकाशा सरकवताना असे काही मोजण्याची बुद्धीच होत नाही.

मेटार, म्हणजे विमानतळावरील हवामानाचा सांकेतिक अहवाल, वाचण्यासाठी अॅप उत्तम आहे. फक्त क्यूएनएचकडे, म्हणजे उंचीमापकात लावायच्या समुद्रसपाटीच्या दाबाकडे, दर वेळी नीट पाहावे, कारण पावसाळ्यात आपल्याकडे हवेचा दाब हिवाळ्याच्या तुलनेत बराच उतरतो. दाब १००३ हेक्टोपास्कल असताना उंचीमापक १०१३ वर राहिला, तर तो खऱ्यापेक्षा जवळपास तीनशे फूट जास्त उंची दाखवेल.

उपकरणाबद्दल थोडेसे. एप्रिल-मे महिन्यांत कॉकपिटमध्ये काचेतून ऊन थेट मांडीवर येते आणि टॅबलेट तापून दोनदा आपोआप बंद पडला, त्यांपैकी एकदा हवेत. पोलरॉइड गॉगल घातला की पडदा एका विशिष्ट कोनात काळाठिक्कर दिसतो, म्हणून साधा रंगीत गॉगल घ्यावा. चार्जिंगची चिंता पॉवर बँकेने मिटते. उष्णतेवर मात्र सावलीखेरीज उपाय सापडलेला नाही.

सध्या माझी पद्धत अशी आहे: मार्ग, अडथळे आणि उंची छापील नकाशावर पेन्सिलने आधी उतरवायच्या, त्यानंतर अॅप उघडून नोटॅम, हवामान आणि विमानतळाचा चार्ट तपासायचा, आणि दोन्हींमध्ये तफावत दिसली तर मूळ एआयपीचे पान उघडायचे. देवळालीला तोफखान्याचे केंद्र असल्याने नाशिकच्या दक्षिणेकडे जाताना धोकाक्षेत्रांच्या हद्दी आणि त्यांची वरची उंची मी एआयपीच्या मार्गविषयक भागातूनच घेते. निफाडजवळच्या नांदूरमध्यमेश्वरभोवती मी माझ्या नकाशावर निळ्या पेन्सिलने एक वर्तुळ काढून ठेवले आहे. हिवाळ्यात तिथे हजारो पाणपक्षी उतरतात आणि ओझरच्या आग्नेयेला जाताना तो पाणथळ भाग वाटेत येतो. अॅपमध्ये असे स्वतःचे वर्तुळ जतन करता येते, पण गेल्या अद्ययावतीकरणात माझ्या सगळ्या खुणा पुसल्या गेल्या. कागदावरची निळी रेघ अजून तशीच आहे.