गुलमर्ग: डिसेंबरात स्कीइंगला जावं का?

नुसतं शिकायचं असेल तर जा, पण महिनाअखेरीस. गाव साधारण 2,650 मीटरवर, गोंडोल्याचा (केबल कारचा) दुसरा टप्पा अफरवट शिखरावर 3,900 मीटरच्याही वर. वर बर्फ साचलेला असताना खाली गोल्फ कोर्सच्या उतारांवर गवताची टोकं दिसत असतात. सगळी मदार पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे पश्चिमेकडून पाऊस-बर्फ घेऊन येणाऱ्या वादळी प्रणालींवर. एक दमदार आला की रात्रीत चित्र पालटतं, नाहीतर 21 डिसेंबरला चिल्लई कलान (काश्मीरातला कडाक्याच्या थंडीचा काळ) लागूनही मैदान कोरडंच.

अफरवटवर सुरुवातीचा बर्फ फसवा. खडक झाकले जातात, बुजत नाहीत; स्कीचा तळ खरवडला जातो, कधी गुडघाही जातो. त्यात निरभ्र, कडक थंडीच्या रात्रींत पातळ थराच्या तळाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. त्यांवर जड नवा बर्फ पडला की हिमस्खलनाला आमंत्रणच. वारा सुटला की दुसरा टप्पा बंद, त्यामुळे तिकीट हातात आहे म्हणजे वर पोचलात असं धरू नका.

भाड्याच्या स्कीची कडा नखाने तपासा. नख किंचित खरवडलं गेलं तर धार आहे. बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) वजन, बुटाची लांबी आणि तुमची तयारी पाहून लावून घ्या. दुकानदार घाई करतोच, करू द्या. पायथ्याच्या तंगमर्गहून वर जाताना बर्फात टायरला साखळ्या लागतात. गाडीचे पैसे आधीच ठरवा.