रिफर्बिश्ड ऑप्टिप्लेक्स ३०६० मायक्रो: छोट्या कार्यालयासाठी यंत्र आणि प्रणाली निवडताना

इंदूरमध्ये संगणक घ्यायचा म्हणजे रवींद्रनाथ टागोर मार्गावरचा सिल्व्हर मॉल गाठायचा, ही सवय ऑनलाइन खरेदीच्या काळातही बऱ्याच घरांत टिकून आहे. तिथल्या दुकानांत आता नव्या संगणकांच्या शेजारीच रिफर्बिश्ड संगणकांच्या थप्प्या दिसतात. मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षांच्या भाडेकरारावर घेतलेली ही यंत्रे करार संपल्यावर परत येतात आणि साफसफाई, थोडीफार दुरुस्ती व नवी डिस्क एवढे सोपस्कार होऊन पुन्हा विक्रीला लागतात. त्यांपैकी डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०६० मायक्रो आम्ही राजेंद्रनगर भागातल्या आमच्या लहानशा मराठी मंडळाच्या कार्यालयासाठी घेतला. गणेशोत्सवाची स्मरणिका, वर्गणीदारांच्या याद्या, वर्षभराचे हिशेब आणि वार्षिक अहवाल इतक्या कामांतून तो गेला असल्याने आता त्याच्याविषयी मत देता येईल.

ते मत आधीच सांगून टाकतो: लेखन, हिशेब, इंटरनेट आणि छपाई एवढ्यापुरत्या कामासाठी सतरा हजारांच्या आसपास मिळालेला हा संगणक नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा सरस आहे, मात्र तो कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमसह चालवायचा हे ठरवल्याशिवाय घेऊ नये. दुकानात चर्चा प्रोसेसरपासून सुरू होते, मग रॅम, मग डिस्क, आणि पैसे मोजून झाल्यावर कुणीतरी विचारते, ‘विंडोज कौन सी डाल दूँ?’ खरे पाहता क्रम याच्या नेमका उलट हवा. जे प्रोग्रॅम व जी उपकरणे आपल्याला सोडताच येणार नाहीत त्यांची यादी प्रथम करावी, ती यादी कोणत्या प्रणालीवर चालते ते पाहावे, आणि ती प्रणाली पुढची चार-पाच वर्षे जे यंत्र पेलू शकेल ते घ्यावे.

आमच्या यादीत तीन गोष्टी होत्या. पहिली टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर, कारण आमचे लेखापरीक्षक टॅलीच्याच डेटाचा बॅकअप मागतात, आणि टॅलीप्राइम ही विंडोजसाठीच बनवलेली आहे. दुसरी, विवरणपत्रांसाठी लागणारी डिजिटल सहीची यूएसबी टोकन. तिचे ड्रायव्हर लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीवर, मिळतात, नाही असे नाही, पण अडचण आल्यावर फोनवर मदत करणारा माणूस समोर विंडोज आहे असे गृहीत धरूनच बोलतो. आयकर विभागाच्या एक्सेलवर आधारलेल्या विवरणपत्रांच्या फायलींनाही त्यांतल्या मॅक्रोमुळे विंडोजवरचा मायक्रोसॉफ्ट एक्सेलच लागतो. तिसरी गोष्ट मराठी मंडळांना विशेष छळणारी आहे. मागच्या अनेक वर्षांच्या स्मरणिका श्री-लिपीसारख्या पद्धतींच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये जुळवलेल्या आहेत. तो फाँट आणि ते सॉफ्टवेअर नसलेल्या संगणकावर त्या फायली उघडल्या की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांची नि चिन्हांची खिचडी दिसते. या तिन्ही कारणांनी कार्यालयातल्या संगणकावर विंडोज ११ हीच प्रणाली ठरली, आणि ती ठरताच यंत्राची निवड पुष्कळ सोपी झाली.

सोपी अशा अर्थाने की विंडोज ११ च्या अटी स्पष्ट आहेत: किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूट, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, आणि इंटेलचा असल्यास, मोजके अपवाद वगळता, आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून बाजारात सातव्या पिढीपर्यंतची यंत्रे फार स्वस्त झालेली दिसतात आणि तीच गिऱ्हाइकाच्या पुढे सर्वांत आधी ठेवली जातात. ‘भिया, आई-फाइव है, मक्खन चलेगा’ हे वाक्य खोटे नसते, पण अपुरे असते. आय-फाइव्ह हे नाव इंटेलने २००९ पासून अनेक पिढ्यांना दिले. पिढी कळते ती त्यापुढच्या आकड्यावरून. आय-५ ७५०० टी ही सातवी पिढी आणि आय-५ ८५०० टी ही आठवी. सातवीत चार कोअर होते, आठवीत सहा झाले, पण वीज खाण्याची मर्यादा दोन्हींत ३५ वॉटच आहे.

संगणकाच्या मॉडेलवरूनही हे ओळखता येते, आणि दुकानात डबा न उघडता तेच अधिक उपयोगी पडते. डेलमध्ये ऑप्टिप्लेक्स ३०५० मायक्रो सहाव्या-सातव्या पिढीचा आहे आणि ३०६० आठव्या. लेनोव्होत एम ७१० क्यू नव्हे, एम ७२० क्यू घ्यावा. एचपीच्या एलिटडेस्क ८०० मिनीत जी ३ सोडून जी ४ पाहावा. बाहेरून ही भावंडे इतकी सारखी दिसतात की एक दाखवून दुसरे बांधून दिले तर घरी येईपर्यंत कळणार नाही. जुन्या यंत्रावर अटी चुकवून विंडोज ११ बसवून देणारेही आहेत. तसे ते चालतेही, परंतु अशा संगणकांना पुढच्या अपडेट मिळतीलच याची हमी नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्वतःच जाहीर केले आहे. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा मोफत प्रोग्रॅम दुकानातच चालवून घेतला तर सगळा वाद दोन मिनिटांत मिटतो.

आता यंत्राकडे. जाडजूड ग्रंथाएवढा हा काळा डबा मॉनिटरच्या मागेही बसवता येतो. आत लॅपटॉपच्या पद्धतीच्या रॅमच्या दोन जागा आहेत, एक एम.२ प्रकारची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसते आणि शिवाय अडीच इंची डिस्कसाठी स्वतंत्र जागा आहे. आम्ही ८ जीबीची एकच पट्टी असलेला संगणक घेतला आणि दुसरी जागा जाणीवपूर्वक मोकळी ठेवली. स्मरणिकेच्या दिवसांत ब्राउझर, वर्ड आणि जाहिरातींची चित्रे एकाच वेळी उघडी राहू लागली तेव्हा तिथे आणखी ८ जीबी बसवली आणि फरक स्पष्ट जाणवला. नुसत्या टॅलीसाठी आणि ईमेलसाठी ८ जीबी पुरते. पंखा लहान आहे व एरवी त्याचा आवाज येत नाही, मात्र मे महिन्यात, खोलीच मुळात तापलेली असताना, तो ऐकू येतो. आपल्याकडची धूळ लक्षात घेता वर्षातून एकदा झाकण उघडून ती झटकणे आवश्यक आहे. झाकण एका स्क्रूवर उघडते, त्यामुळे त्यासाठी कुणाला बोलवावे लागत नाही. वीज इतकी कमी लागते की साधा ६०० व्हीएचा यूपीएस मॉनिटरसकट हा संगणक सावकाश काम जतन करण्याइतका वेळ सांभाळतो.

उणिवा खरेदीआधी माहीत असलेल्या बऱ्या. या मॉडेलवर मॉनिटर जोडण्यासाठी डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय ही दोन निर्गमे आहेत, जुन्या निळ्या व्हीजीएची जोडणी मात्र ऐच्छिक होती, त्यामुळे बहुतेक डब्यांवर ती नसते. मंडळांचे प्रोजेक्टर व मॉनिटर अजून व्हीजीएचेच असतात, तेव्हा कन्व्हर्टरचा खर्च धरून ठेवावा. वायफायही ऐच्छिक होते. ते कार्ड आत आहे की नाही हे विचारून घ्यावे, नाहीतर यूएसबी डोंगल विकत घ्यावे लागते. वीजपुरवठ्याचा अडॅप्टर बाहेरचा, ६५ वॉटचा आहे, आणि तो मूळ कंपनीचाच मिळाला पाहिजे असा आग्रह धरावा.

परवान्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण या व्यवहारातली सर्वांत धूसर जागा तीच आहे. अशा कार्यालयीन संगणकांच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातच भरलेल्या मूळ प्रोग्रॅममध्ये, बहुधा विंडोजचा मूळ परवाना साठवलेला असतो आणि तीच आवृत्ती (होम किंवा प्रो) स्वच्छपणे बसवली की ती इंटरनेटवरून आपोआप सक्रिय होते. तरीही पुष्कळ विक्रेते सवयीने एखादे अनधिकृत ॲक्टिव्हेटर चालवून टाकतात, आणि असे प्रोग्रॅम अँटिव्हायरस बंद करूनच चालत असल्याने त्यांच्याबरोबर आत काय शिरले हे सांगता येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: सेटिंग्जमध्ये सिस्टीम व त्यात ॲक्टिव्हेशन हे पान उघडावे. डिजिटल लायसन्सने सक्रिय झाल्याचा उल्लेख असेल तर ठीक. पण आपल्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेद्वारे सक्रिय असा मजकूर असेल आणि आपली अशी कोणतीही सेवा नसेल, तर तो परवाना आपला नाही. आम्ही संगणक आणल्याबरोबर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ उतरवून सर्व काही नव्याने बसवले, आणि रिफर्बिश्ड यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाने, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी, हे करावे असे मला वाटते.

याच वेळी वाचनकक्षातल्या जुन्या संगणकाचा प्रश्नही निघाला. तो चौथ्या पिढीच्या आय-थ्रीचा, ४ जीबी रॅम व फिरती हार्ड डिस्क असलेला. विंडोज ११ त्याला मिळणे नाही. तिथे मात्र न सोडता येणारे असे काहीच नव्हते. वाचक वर्तमानपत्रे वाचतात, पत्रे टाइप करतात, कधी व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण ऐकतात. हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी बसवली, रॅम दुप्पट केली आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. फिरत्या डिस्कमधून सेकंदाला जेमतेम शे-दीडशे एमबी वाचले जाते, साटा एसएसडीतून पाचशेच्या घरात, आणि विखुरलेल्या लहान फायलींच्या बाबतीत हे अंतर याहून पुष्कळ मोठे असते. जुना संगणक ‘स्लो’ झाला म्हणून टाकून देणाऱ्यांनी हा एक बदल आधी करून पाहावा. मिंटची २२ वी आवृत्ती उबुंटू २४.०४ वर आधारलेली आहे व तिला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळणार आहेत, त्याही परवान्याच्या खर्चाविना.

मराठी टाइप करण्याच्या बाबतीत लिनक्स मागे आहे ही समजूत आता सोडून द्यावी. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रमाणित केलेला इन्स्क्रिप्ट कळफलक मिंटमध्ये आहे, विंडोजमध्ये आहे आणि मॅकमध्येही आहे. तो एकदा हातात बसला की संगणक कोणता हा प्रश्न उरत नाही. रोमन अक्षरांवरून मराठी लिहिणाऱ्यांसाठी विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कळफलक अंगभूत आहे, तर मिंटमध्ये त्यासाठी आयबस आणि एम१७एन हे पूरक प्रोग्रॅम बसवावे लागतात, जे ज्येष्ठ सभासदाला एकट्याने जमणार नाही. फाँटचा मुद्दा याहून महत्त्वाचा. विंडोजवर मंगल किंवा निर्मलामध्ये तयार केलेली वर्डची फाइल मिंटवरच्या लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-संचात उघडते, पण ते फाँट तिथे नसल्याने ओळी सरकतात आणि पाने वाढतात. आम्ही दोन्ही संगणकांवर मुक्त परवान्याचे तेच फाँट बसवले, मजकुरासाठी तिरो देवनागरी मराठी आणि शीर्षकांसाठी मुक्ता, आणि ही तक्रार संपली. तिरोमध्ये ल आणि श मराठी वळणाचे आहेत. मंगलमधला हिंदी वळणाचा ल पाहून नाराज होणारे आमचे मुद्रितशोधक त्यामुळे प्रसन्न आहेत. छापखान्याला आता फक्त पीडीएफ जाते, त्यामुळे जुळणी कुठे केली याची चौकशीही होत नाही.

मिंटवर एकच गोष्ट अडली. मंडळाचा जुना लेझर प्रिंटर अशा पद्धतीचा आहे की पान तयार करण्याचे सगळे काम संगणकाकडूनच करून घेतो, आणि त्याच्या लिनक्स ड्रायव्हरशी झटापट करण्यापेक्षा तो कार्यालयातल्या विंडोजलाच जोडून ठेवणे शहाणपणाचे वाटले. आपला प्रिंटर व स्कॅनर चालतो की नाही हे मिंट पेनड्राइव्हवरूनच, काहीही न बसवता, तपासता येते.

मॅकचा विचार मंडळात एका तरुण सभासदाने आग्रहाने मांडला होता. नाटकांचे चित्रीकरण संपादित करणाऱ्या माणसासाठी तो रास्तच आहे. २०२४ च्या अखेरीस आलेला एम ४ चा मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांना, १६ जीबी रॅमसह निघाला, आणि चित्रफितींच्या कामात आमचा ऑप्टिप्लेक्स त्याच्या आसपासही जात नाही. पण रॅम नंतर वाढवता येत नाही, टॅली थेट चालत नाही आणि किंमत तिपटीहून अधिक, म्हणून कार्यालयासाठी तो विषय तिथेच थांबला. सीपीसीटी या मध्य प्रदेशातल्या संगणक-प्रावीण्य परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनीही विंडोजच घ्यावी, कारण सरावाची बहुतेक सॉफ्टवेअर त्याच प्रणालीसाठी मिळतात.

खेळ, मोठी चित्रे किंवा चित्रफितींचे संपादन ज्यांना करायचे आहे त्यांनी ३०६० मायक्रो घेऊ नये. त्यात ग्राफिक्स कार्ड बसवायला जागाच नाही. इतरांनी घेताना डब्यावरचा सर्व्हिस टॅग (त्या यंत्राचा स्वतंत्र क्रमांक) डेलच्या संकेतस्थळावर घालून यंत्र मुळात केव्हा व कोणत्या रचनेत निघाले ते पाहावे, क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने एसएसडीचे आरोग्य आणि ती किती तास चालली आहे ते तपासावे, आणि बिलावर मॉडेल, प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, सर्व्हिस टॅग व वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी. आम्हाला तीन महिन्यांची वॉरंटी मिळाली. सहा महिन्यांची देणारी दुकानेही त्याच मजल्यावर आहेत, थोडे फिरावे लागते एवढेच.