परभणीहून कलगा : आपल्याच बोलीत बोलून घातलेली साडेअठरा हजारांची टोपी

लिहू का नको असं दोन महिने चाललं होतं, कारण यात आमचंच हसं होणार हे माहीतय. पण परवा एक गोष्ट घडली (ती शेवटी सांगतो) आणि म्हणलं आता लिहूनच टाकू, हसायचं त्यानं हसावं.

आम्ही सहाजण परभणीचे. माझं खता-बियाण्याचं दुकान आहे, दाजी झेडपीच्या शाळेत शिक्षक, बाकी चौघं असेच नोकरी-धंद्यावाले. आमची भिशी आहे छोटी, महिन्याला पाचशे. त्यातून दोन वर्षांत एकदा कुठंतरी जायचं असं ठरलेलं. मे महिन्यात आमच्याकडं पारा 44 पर्यंत चढतो आणि एकदा मृग लागला की मला दुकानातून मान वर काढायला वेळ नसतो, म्हणून जायचं तर मेमध्येच. ठरलं हिमाचल, पार्वती व्हॅलीतलं कलगा गाव. मनाली नको होतं कुणालाच, गर्दी आणि खर्च दोन्ही बेक्कार. डोंगरातलं एखादं लहान गाव गाठायचं, चार-पाच दिवस तिथंच राहायचं, रोज एक चढाई करायची आणि माणशी दहा हजारांत घरी यायचं एवढाच हिशोब.

प्रवासाचं गणित सोपंय. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड परभणीत मिळते, अंबाल्याला उतरायचं, तिथून चंदीगडला 43 सेक्टरच्या स्टँडवर जायचं आणि रात्रीच्या कुलू-मनालीच्या बसनं सकाळी भुंतर. भुंतरला मणिकरणची लोकल बस, पुढं बरशैणीपर्यंत. सचखंडचं तर इकडं सगळ्यांना माहीतच आहे, वाटेत स्टेशनांवर लंगर मिळतं, फक्त ताट-डबा आपला पाहिजे. सांगायचं म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च आटोक्यात होता, प्रश्न फक्त राहायचा.

तर मी काय केलं, फिरणाऱ्यांचा एक मोठा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आठ-नऊशे लोकांचा, त्यात टाकलं की परभणीहून सहाजण सचखंडनं जायलोत, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, कलग्यात स्वस्तात राहायची सोय सांगा, बजेट इतकं इतकं. आता विचार केला तर कळतं की चोराला घराचा नकाशाच काढून दिला होता मी. कुठून येणार, कशानं येणार, कधी येणार, किती जण आणि खिशात किती.

अर्ध्या तासात पर्सनलवर मेसेज. ‘राम राम पाहुणे, गाव कोणतं? खास परभणी का तालुक्यातलं?’ मी म्हणलं जिंतूर रोडला घर आहे. लगेच व्हॉइस नोट, ‘आरं मग आपलेच की, माझं आजोळ सेलूचं. मी सात वर्षं झाले इकडंच राहायलोय, कलग्यात होमस्टे चालवायला घेतलाय. सचखंडनं यायलात ना? मग जेवणाचं टेन्शन नका घेऊ, ताटं तेवढी सोबत घ्या.’

या एका वाक्यावर आम्ही गारद झालो. सचखंडला ताट न्यावं लागतं हे इकडच्याच माणसाला माहीत असतं ना. आणि ते ‘राहायलोय, यायलात’, पुण्या-मुंबईचा माणूस असं बोलूच शकत नाही. दाजी म्हणले, काही विचारू नको, आपला माणूस आहे, बुक कर.

मी धंद्यातला माणूस. बियाण्याची पिशवी आली की लेबल, लॉट नंबर, शिलाई बघितल्याशिवाय मी ती रॅकवर ठेवत नाही, बोगस बियाण्यानं काय होतं ते इकडं पोराटोरांनाही माहीतय. आणि इथं मी एवढंसुद्धा विचारलं नाही की बाबा तुझ्या होमस्टेची नोंदणी आहे का. हिमाचलात 2008 पासून होमस्टेची पर्यटन खात्याकडं नोंदणी होते, नुसता नंबर मागायचा होता. नाही मागितला. आपल्या माणसाला कागद मागायचा म्हणजे त्याचा अपमान असं वाटलं.

पॅकेज होतं माणशी 4,500. पाच रात्री, दोन वेळचं जेवण, खीरगंगाच्या ट्रेकला गाइड. सहाजणांचे 27,000, निम्मे ॲडव्हान्स म्हणजे 13,500. स्वस्त होतं पण अगदीच संशय यावा इतकं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर लोक म्हणतात लालचीपणा केला म्हणून फसले. क्यूआर पाठवला, स्कॅन केल्यावर नाव वेगळंच आलं, एका बाईचं. विचारलं तर म्हणला, मामीचं खातंय, माझं जीएसटीच्या भानगडीत अडकलंय. पटलं. भिशीचा खजिना दाजींकडं, त्यांनी पाठवून दिले.

आठ दिवसांनी दुसरा फोन. जंगल परमिट काढावं लागतंय, माणशी 500. तीन हजार गेले. त्याची पावती पीडीएफमध्ये आली, वर सिंहाची मुद्रा, वनविभाग वगैरे. त्या पावतीत एका रकान्यात लिहिलं होतं ‘स्थळ : बरशैणी’. आता सांगा, हिमाचलच्या वनखात्याच्या पावतीवर ळ कुठून आला? हिंदीवाले स्थान लिहितील, फार तर स्थल लिहितील. शिक्षक असलेल्या दाजींनी ती पावती तीनदा वाचली, प्रिंट काढून प्लॅस्टिकच्या फोल्डरात घातली. ळ कुणालाच दिसला नाही. आणि निघायच्या आदल्या दिवशी भुंतरहून गाडीसाठी 2,000. एकूण 18,500.

अंबाल्यापर्यंत त्याचे मेसेज चालू होते. ‘कुठवर आलात? लंगर मिळालं का?’ भुंतरला उतरलो तर फोन बंद. तासभर वाट बघितली, म्हणलं डोंगरात रेंज नसेल. मग लोकल बसनं बरशैणी गाठलं. तिथून धरणाचा पूल ओलांडून कलग्याला चढावं लागतं, अर्ध्या तासाचा चढ आहे पण पाठीवर सामान आणि दोन रात्रींची अर्धवट झोप असल्यावर जीव निघतो. वर सफरचंदाच्या बागा, लाकडी घरं, समोर बर्फ, फोटोत होतं तस्संच सगळं.

आणि होमस्टेसुद्धा फोटोतलाच! निळ्या खिडकीची लाकडी गॅलरी, तिच्या कठड्यावर गोडेतेलाच्या कापलेल्या डब्यात लावलेलं लाल फुलाचं झाड. फोटोत तो डबा इतक्यांदा बघितला होता की आमच्यातला एकजण ‘आला आला आपला डबा’ म्हणून ओरडलाच. आतून एक पन्नाशीतली बाई आली. बुकिंग सांगितलं, पावती दाखवली. तिनं पावती हातात पण घेतली नाही. म्हणली, ‘भैया, इस महीने आप तीसरे हो.’ कोणीतरी तिच्याकडं राहून फोटो काढून नेलेत आणि त्यावर हा धंदा चाललाय. मेचा सीझन, तिच्या खोल्या फुल. तिनं चहा पाजला, पैसे घेतले नाहीत.

आता याच्या पुढचा भाग नीट वाचा, कारण खरी चलाखी इथं आहे. आम्ही त्या गॅलरीत बसलेलो असतानाच फोन लागला त्याचा. एकदम रडवेला आवाज, गैरसमज झाला पाहुणे, मालकिणीनं मला फसवलं, मी तुमचे सगळे पैसे आत्ताच्या आत्ता परत करतो. आधी 1 रुपया पाठवतो, आला का बघा. खरंच आला. मग क्यूआर पाठवला, म्हणला हा रिफंडचा आहे, स्कॅन करा, 18,500 दिसतील, पिन टाका, जमा होतील. दाजींनी स्कॅन केलं, पिन टाकला, आणि व्यवहार फेल. खात्यात पुरेसे पैसे नाहीत म्हणून. दाजींच्या खात्यात तेव्हा नऊ हजार होते. तिकडून तो म्हणला, बरं मग दोन हप्त्यांत करू, सहा हजारांचा पाठवतो.

दाजी परत पिन टाकणार तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं की पैसे तर येणारेत, मग आपल्या खात्यात पैसे कमी आहेत म्हणून फेल कसं होईल? फोन हिसकावून घेतला अक्षरशः. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना किंवा बॅलन्स बघताना लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. रोज दुकानात शंभर गिऱ्हाईकं मला यूपीआयनं पैसे देतात, मी एकदाही पिन टाकत नाही, आणि तरी हे डोक्यात यायला दाजींची गरिबी कामी यावी लागली. खात्यात पगार जमा झालेला असता तर आणखी साडेअठरा हजार गेले असते.

तिथूनच 1930 ला फोन केला, सायबरची हेल्पलाइन आहे, देशभर एकच नंबर. प्रत्येक व्यवहाराचा नंबर, तारीख, रक्कम, कोणती बँक एवढं विचारतात, ते हाताशी ठेवा. तक्रारीचा नंबर मेसेजनं येतो, मग केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर स्क्रीनशॉट टाकता येतात. जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं, कारण पैसे या खात्यातून त्या खात्यात उड्या मारत जातात. आमचे पहिले 13,500 तर तीन आठवड्यांपूर्वीचे, ते कधीच गायब. गाडीचे 2,000 तेवढे कुठंतरी होल्डवर आहेत असं कळलंय.

त्या रात्री राहिलो कुठं? मणिकरणच्या गुरुद्वाऱ्यात. सेवादारानं विचारलं कुठून आलात, म्हणलं परभणी, नांदेडच्या शेजारी. ‘हजूर साहिब से?’ (म्हणजे नांदेडचा गुरुद्वारा) म्हणून त्यानं हात जोडले आणि हॉलमध्ये सहा गाद्या दाखवल्या. तिथं उकळत्या झऱ्यात भांडी सोडून डाळ-भात शिजवतात, ते खाल्लं, गरम कुंडात अंघोळ केली, एक पैसा कुणी मागितला नाही. सचखंडसाठी नेलेली ताटं तिथंही बाहेर काढावी लागतील असं वाटलं होतं, पण ताटं त्यांचीच होती.

खीरगंगा पण केलं. बरशैणीहून नकथान, रुद्रनागमार्गे गेलो, एका बाजूनं दहा-बारा किलोमीटर, वर गरम पाण्याचं कुंड. पहाटे निघालो, संध्याकाळी खाली. सीझनमध्ये या वाटेवर सारखी माणसं असतात, गाइड काही लागला नाही, आणि परमिट पण आम्हाला कुणी विचारलं नाही. कलग्याकडून जंगलातून जाणाऱ्या वाटेवर मात्र चकवा लागतो असं गावातलेच लोक म्हणत होते, तिकडं गेलो नाही. गावात चालत फिरून चार घरी विचारलं तर तिसऱ्या दिवशी दोन खोल्या मिळाल्यासुद्धा, भाव करून. म्हणजे आगाऊ रक्कम भरायची फार गरजच नव्हती. पहिल्या रात्रीपुरतं काहीतरी बुक करायचं, तेही व्हिडिओ कॉलवर घर दाखव, समोरचा डोंगर दाखव असं म्हणून. आणि फोटो गुगलवर टाकून बघायचा. मी घरी आल्यावर टाकला, तोच तेलाचा डबा वेगवेगळ्या नावाच्या चार होमस्टेंच्या फोटोत सापडला.

एक गोष्ट अजून टोचते. बोली काही यूट्यूबवर शिकता येत नाही. म्हणजे तो माणूस खरंच आपल्याकडचाच असणार, सेलूचा नसेल तर मानवतचा असेल, पाथरीचा असेल. दाजींना हे पटत नाही, ते म्हणतात आपला माणूस असं करणार नाही, कुणीतरी शिकवलेला असेल. अजून म्हणतात!

आता परवाचं. त्याच ग्रुपात हिंगोलीच्या एका पोरानं विचारलं, हिमाचलातल्याच तीर्थन व्हॅलीत चौघांची बजेटमध्ये सोय होईल का. मी वाचलं आणि लगेच त्याला फोन लावला, म्हणलं तुला पर्सनलवर कुणाचा मेसेज आला का. म्हणला हो काका, आत्ताच आला, आपल्याकडचेच आहेत एकजण, त्यांचं आजोळ वसमतचं. एक हजार टोकन पाठवून झालं होतं पोराचं. फोन चालू ठेवूनच त्याला दुसऱ्या मोबाइलवरून 1930 लावायला लावला.