ओव्हरफ्लो बॉक्सवरची ॲक्रिलिकची फणी : चार महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत विश्रामबागला आमच्या घरी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी माशांची टाकी आहे. तिच्या कोपऱ्यात ओव्हरफ्लो बॉक्स, म्हणजे काचेचा उभा कप्पा आहे. टाकीतले वरचे पाणी त्याच्या कडेवरून आत सांडते, पाइपाने खालच्या संपमध्ये, म्हणजे टाकीखाली ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत उतरते, तेथे गाळले जाते आणि पंपाने परत वर येते. (मराठीत संपाचा अर्थ वेगळा असला, तरी पंप बंद पडला की तोही लागू पडतो.) व्यवस्था चांगली आहे, पण पाण्याबरोबर मासेही आत जातात. दर दोन-चार दिवसांनी सकाळी एखादा निऑन टेट्रा त्या कप्प्यात फिरताना दिसायचा आणि वीतभर रुंदीच्या जागेत, पाइपाच्या आडून त्याला जाळीने बाहेर काढताना माझा अर्धा तास आणि त्याचे निम्मे बळ खर्ची पडायचे. गप्पीची पिल्ले तर थेट संपमध्ये पोहोचत आणि तेथून पंपाच्या पंख्यात जाण्याची भीती असे.

मच्छरदाणीचा तुकडा लावून पाहिला. दोन दिवसांत त्यावर खाद्याचे कण आणि वनस्पतींची पाने अडकली, पाणी टाकीच्या काठापर्यंत चढले आणि तो प्रयोग तेथेच थांबवावा लागला. त्यानंतर टाक्या आणि ॲक्रिलिकचे काम करणाऱ्या शहरातल्या एका दुकानात फणी, म्हणजे कप्प्याच्या कडेवर बसणारी कंगव्यासारखी दातेरी पट्टी, करायला दिली. खाली काही तक्रारीही असल्यामुळे दुकानाचे नाव देत नाही.

पहिली फणी 3 मि.मी. जाडीच्या पारदर्शक ॲक्रिलिकची होती. दाते 6 मि.मी.चे आणि त्यांमधल्या फटीही 6 मि.मी.च्या. काम नेटके होते, कापलेल्या कडा घासलेल्या होत्या आणि फणी कप्प्याच्या काचेवर खाचेने बसत असल्यामुळे चिकटवण्याची गरज नव्हती, हे विशेष आवडले. सिलिकॉन काचेला जसे धरते तसे ॲक्रिलिकला धरत नाही. मात्र तिसऱ्याच दिवशी निऑन पुन्हा आत. चूक काही अंशी माझीच होती, कारण माप सांगताना मी माशाची लांबी डोळ्यांसमोर ठेवली होती. फटीतून मासा जातो तो जाडीने. तीन सेंटिमीटरचा निऑन समोरून पाहिला तर पेन्सिलीपेक्षाही बारीक असतो.

मी 3 मि.मी.च्या फटी मागितल्या, तेव्हा दुकानदार म्हणाले, “काका, दाते बारीक केले तर पाणी मागं तुंबंल.” त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. फटींबरोबर दातेही तेवढेच अरुंद केले, तर मोकळी जागा पहिल्याइतकीच, म्हणजे निम्मी राहते. पाणी चढते ते मुळात फणी बसवल्यामुळे. माझ्या कप्प्याच्या दोन उघड्या कडा मिळून 40 सें.मी. आहेत आणि पंप तासाला सुमारे 1500 लिटर पाणी फिरवतो. पूर्वी कडेवरून सुमारे 7 मि.मी. जाडीचा थर वाहत असे. आता तो 11 ते 12 मि.मी. झाला आहे. सांडण्याची लांबी निम्मी केली तर पाण्याची उंची दुप्पट होत नाही, साधारण 1.6 पट होते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. परंतु वाढलेल्या या चार-पाच मिलिमीटरचे माझ्या टाकीत दोन लिटरांहून अधिक पाणी होते आणि वीज गेली की ते सगळे खाली उतरते. त्यामुळे संपमध्ये तेवढी जागा आधीपासून रिकामी ठेवावी लागते. हे दुकानात सांगायला हवे होते, सांगितले नाही.

दुसऱ्या फणीचे त्यांनी निम्मेच पैसे घेतले, ही त्यांची सचोटी. पण “उद्या देतो” म्हणत नऊ दिवस लावले, हेही तितकेच खरे. शिवाय घरी येऊन माप न घेतल्यामुळे दोन तुकडे जेथे काटकोनात मिळतात तेथे बोटभर फट उरली आणि माशांनी चोवीस तासांत ती शोधून काढली. दोनदा फोन केल्यावर त्यांचा मुलगा आला आणि ॲक्रिलिकची अरुंद पट्टी बसवून गेला.

या फणीत दाते वरच्या बाजूनेही आडव्या पट्टीने जोडून घेतले आहेत. पहिल्या फणीचा एक दाता धुताना मोडला होता, म्हणून ही सुधारणा सुचली. झेब्रा डॅनिओसारखा उड्या मारणारा मासा मात्र पट्टीवरूनही जाऊ शकतो, त्यामुळे कप्प्यावर स्वतंत्र झाकण हवेच. ते मी प्लॅस्टिकच्या भरतकामाच्या जाळीचे घरीच केले.

देखभाल थोडी वाढली आहे. आमच्याकडे बोअरचे पाणी जड असल्यामुळे पाण्याच्या रेषेवर दात्यांना पांढरा क्षार धरतो. दर पंधरवड्याला फणी काढून पातळ व्हिनेगरमध्ये ठेवतो, जुन्या दात घासायच्या ब्रशने घासतो आणि भरपूर पाण्याने धुतो. ॲक्रिलिकला स्पिरिट लावू नये, बारीक चिरा पडतात. खाद्य घालताना दहा मिनिटे पंप बंद ठेवतो. खाद्य कडेकडे वाहत गेले की त्यामागे मासेही येतात.

चार महिन्यांत एकही मोठा मासा आत गेलेला नाही. गप्पीची नवजात पिल्ले 3 मि.मी.च्या फटीतूनही जातात. त्यांच्यासाठी फटी आणखी बारीक करण्याऐवजी मी पंपाच्या तोंडावर स्पंज बसवला आहे. संपमध्ये उतरलेली पिल्ले तेथेच वाढतात आणि महिन्याभराने मी त्यांना वर आणून सोडतो.