डाव कोण जिंकलं, तेच पुसलं

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात ऑनलाइन मागवलेला ग्रीक 'अँफोरा', म्हणजे दोन कानांच्या जुन्या रांजणाचा नमुना, अमळनेरला घरी पोचला. उंची 9 इंच, किंमत 1450 रुपये. पॅकिंग झकास, कानसुद्धा शाबूत. मी चित्रकलेचा निवृत्त मास्तर, घराणं कुंभाराचं, त्यामुळे जरा खोलात शिरतो.

मूळ रांजण एक्सेकियास या ग्रीक कुंभार-चित्रकाराचा, इ.स.पू. 540-530च्या सुमाराचा, सध्या व्हॅटिकनच्या संग्रहालयात. उंची 61 सेंटीमीटर. त्यावर ट्रॉयच्या युद्धातले ग्रीक वीर अकिलीस आणि अजॅक्स भाले न सोडता फासे खेळताहेत. अकिलीसच्या डोक्यावर शिरस्त्राण, अजॅक्सने आपलं काढून मागे ढालीवर ठेवलेलं. हा प्रसंग त्या युद्धावरच्या होमरच्या इलियड महाकाव्यात नाही. आमच्याकडे आखाजीला पारावर पत्ते कुटणारे बघा, तीच मान खाली घालून बसायची तऱ्हा!

त्यातला काळा रंग म्हणजे रंग नव्हेच. त्याच मातीचं बारीक गाळलेलं पाणी. भट्टीत आधी हवा खेळती ठेवायची, मग ओलं लाकूड घालून कोंडायची, शेवटी पुन्हा हवा सोडायची. भांडं परत तांबडं होतं, पण गाळलेल्या मातीचा थर काचेसारखा घट्ट झालेला असतो, तो काळाच राहतो. वडील काळी मडकी करायला आवा कोंडायचे, पण हा तिसरा टप्पा त्यांना ठाऊक नव्हता. अंगरख्यांवरची नक्षी त्या काळ्यातून टोकदार हत्याराने कोरलेली.

आणि माझ्या हातात काय? आईने अंगठा फिरवला आणि म्हणाली, "भाऊ, हाई ते छापेल शे." खरंच, कोरीव रेघ एकही नखाला लागत नाही. ओल्या फडक्याने पुसलं तर अजॅक्सच्या दाढीची कड उचकटली. मूळ रांजणाच्या मागे कॅस्टर, पॉलिड्यूकेस हे जुळे भाऊ, त्यांचा घोडा आणि कुत्रा आहेत. इथे मागेही तेच दोघं फासेवाले, म्हणजे छापा एकच केला.

हेही चालवून घेतलं असतं. पण मूळ रांजणावर अकिलीसच्या तोंडापाशी 'चार' आणि अजॅक्सच्या तोंडापाशी 'तीन' असं, म्हणजे ज्याचं त्याचं दान, ग्रीकमध्ये लिहिलंय. सगळा डाव त्या दोन शब्दांत! ते इथे गायब. 5 पैकी 2 तारे, तेही पॅकिंगला.

विक्रेत्याला विचारलं. उत्तर आलं : "सर, फोटोत तोंडाजवळ डाग होते, आम्ही साफ करून दिले."