डोंगल न बदलता सुटलेली अडचण: म्हापशातील एका संगणक दुरुस्ती सेवेविषयी

आमच्या गॅरेजमधील व्हील अलाइनमेंटचे सॉफ्टवेअर यूएसबीला लावलेल्या सेंटिनेल डोंगलवर, म्हणजे सॉफ्टवेअरचा परवाना तपासू देणाऱ्या छोट्या उपकरणावर, चालते. ऐन पावसाळ्यात ते ‘एच००३३’ असा संदेश दाखवून बंद पडले, तेव्हा विक्रेत्या कंपनीने डोंगल खराब झाल्याचे फोनवरच ठरवून नव्या डोंगलची किंमत सांगितली. म्हापसा बाजाराजवळच्या एका संगणक दुरुस्ती केंद्रामुळे तो खर्च टळला. त्यांच्या तंत्रज्ञाने ज्या क्रमाने दोष शोधला, तो क्रम प्रत्येक गॅरेजवाल्याला ठाऊक असायला हवा.

संदेशातील क्रमांक त्याने सर्वप्रथम लिहून घेतला. ७ म्हणजे डोंगल सापडत नाही, ४१ म्हणजे परवान्याची मुदत संपली आणि ३३ म्हणजे डोंगलशी बोलणारी संगणकातील यंत्रणाच प्रतिसाद देत नाही. असे असताना तिन्हींवर नवा डोंगल हाच उपाय सांगणे मला सर्वथा अयोग्य वाटते. डोंगलवरचा दिवा पेटलेला होता. मात्र ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:१९४७’ हे त्याच संगणकावरचे पान उघडत नव्हते, आणि हे पान परवाना सांभाळणारी सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्रामच, दाखवत असल्यामुळे संशय थेट तिच्यावर गेला. अँटिव्हायरसने तिची मुख्य फाइल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइल अडकवून ठेवण्याच्या जागेत, टाकलेली आढळली. त्याने डोंगल काढून ठेवला, रनटाइम (डोंगलशी बोलणारे तेच सॉफ्टवेअर) नव्याने बसवला, अँटिव्हायरसमध्ये त्या फाइलला सूट दिली आणि मगच डोंगल पुन्हा लावला. तेव्हा त्या पानावरील यादीत तो दिसू लागला व सॉफ्टवेअर सुरू झाले.

न सांगताही त्याने संगणकाची तारीख तपासली. संगणक बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरील सीआर२०३२ सेल संपत आला होता. पावसात आमच्याकडे वीज वारंवार जाते. अशा वेळी घड्याळ मागे गेले, तर मुदतीचा परवाना नाकारला जाण्याची भीती असते, म्हणून त्याने सेलही बदलला. एकाच संगणकापुरता परवाना असलेले सॉफ्टवेअर विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपवरून, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून, उघडल्यास डोंगल नाकारला जाऊ शकतो, हेही त्याने समजावले.

सेवेत एक उणीव जाणवली. कोणते बदल केले याची लेखी नोंद मागितल्यावरच मिळाली, आणि अँटिव्हायरस बदलताना तीच नोंद लागणार आहे. शुल्क मात्र कामापूर्वी स्पष्ट सांगितले होते व तेवढेच घेतले.